वनिता माझ्याशी बोलायची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. बहिणीला तर मी माझं सगळं सांगते — दुखणीखुपणी, भांडणं, सुनेच्या कुरबुरी — पण हे नाही. एकदा सांगायला घेतलं होतं. भोरला तिच्या ओट्यावर बसून आम्ही पावटा सोलत होतो. "माझ्या डोंगरातल्या शाळेत एक मुलगी होती," एवढं म्हणाले, आणि मग भलतंच काहीतरी सांगितलं. त्या मुलीच्या हुशारीचं. तिला ऐकून बरं वाटलं. आणि मला? मला सुटल्यासारखं वाटलं.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं कदाचित जमेल. बघू.

मी प्राथमिक शिक्षिका होते. सगळी नोकरी भोर तालुक्यात झाली. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं — जे व्हायचं ते झालं. एक जण म्हणाला, बाईंनी मुक्या पोरांनाही बोलतं केलं. तो आपला बोलायचं म्हणून बोलला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी खाली मान घालून बसले. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं.

हिर्डोशीच्या पुढं, वरंध्याच्या बाजूला, डोंगरात एक वाडी आहे. वाडीचं नाव लिहीत नाही. मुलीचंही बदलते — वनिता म्हणू या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळा चौथीपर्यंतची, दोन खोल्यांची, आणि शिकवायला आम्ही दोघं. हेडमास्तर गुरुजी निम्मा आठवडा कागदपत्रं घेऊन तालुक्याला. मी सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचे, रस्त्यापासून तासभर चालून वर चढायचे, आठवडाभर वाडीतच एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी. शनिवारची शाळा सकाळची. अकराला मुलं गेली की पाचच्या गाडीपर्यंत मला काहीच काम नसायचं. त्या रिकाम्या शनिवारांचीच ही गोष्ट आहे.

मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा वनिता दुसरीत होती. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ही बोलत नाही. आधी बोलायची. आदल्या वर्षी लावणीच्या दिवसांत हिची आई बाळंतपणात गेली. झोळी करून रस्त्यापर्यंत नेत होते, वाटेतच गेली, बाळही गेलं. तेव्हापासून हिची वाचा बसली. बापानं भगत केले, भोरच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला घसा ठीक आहे, बोलेल आपोआप. वर्ष होत आलं.

बापाचं नाव मारुती म्हणते. काटक, बुटका, स्वतःही फार न बोलणारा माणूस. चार खाचरं भाताची, वर थोडी नाचणी. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागं लागले होते, त्यानं केलं नाही. चुलती भाकऱ्या टाकायची, हा पोरीची वेणी घालायचा. रोज. वेणी वाकडी असायची, पण तेल नीट लावलेलं असायचं.

अशी मुलं हाताळायचं मला काही शिक्षण होतं का? नव्हतं. कुणालाच नव्हतं. माझ्याच वर्गात एक मुलगा होता, एका जागी पाच मिनिटं बसू शकत नसे. त्याला आम्ही द्वाड म्हणायचो. एका मुलीला अक्षरं उलटी दिसायची, ती ढ. वनिता मुकी. नाव ठेवलं की आमचं काम संपलं. पण वनिताच्या बाबतीत मी वेगळी वागले, हे मला सांगितलं पाहिजे. आधी मी चांगली वागले. चांगली वागले नसते तर पुढचं झालंच नसतं.

शाळा सुटली तरी ती घरी जायची नाही. बाप रानात, घर रिकामं. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. मी तिला काही विचारलं नाही, बोल म्हटलं नाही. शनिवारी मी फळा काळा करायचे — भिंतीवर सिमेंटचा फळा होता, आठवड्यात पांढरट पडायचा — जुन्या सेलमधली काळी पूड नि पाल्याचा रस कालवायचा आणि फडक्यानं फासायचा. एका शनिवारी मी तिच्या हातात दुसरं फडकं दिलं. ती खालचा भाग घासायला लागली, मी वरचा. असे तीन-चार शनिवार गेले असतील. एकदा मी फळ्याकडे तोंड करून फासत होते आणि मागून, खालून आवाज आला —

"बाई, हितं राह्यलं."

घोगरा आवाज. खूप दिवस न वापरलेला. माझा हात थांबला. पण मी वळले नाही — कसं सुचलं कोण जाणे. "कुठं?" म्हटलं. "हितं. कोपऱ्याला." मी कोपरा फासला. बस, एवढंच. त्या दिवशी पाचची गाडी धरायला डोंगर उतरताना मी एकटीच हसत होते.

मग हे आमचं ठरूनच गेलं. शनिवारी, फळ्यापाशी, एकमेकींकडे न बघता. मी बघितलं की ती गप्प. मी पाठ केली की दोन शब्द. मग चार. शेळीचं सांगायची, चुलतीच्या रागाचं, आबांच्या पायाला काटा मोडला त्याचं. आबा म्हणजे मारुती. मी म्हटलं, आबांशी का नाही बोलत? त्यावर बरेच दिवस काही नाही. आणि मग एका शनिवारी तिनं ते सांगितलं. मी तिचे शब्द आहेत तसेच देते, मला ते पाठ आहेत.

"आई म्हणली आबास्नी बोलावून आण. ओढ्यात खेकडं व्हतं. म्या दोन धरलं. मग गेले. मग आई मेली."

आणि थोड्या वेळानं — "मान्सं म्हणली, घटकाभर आदी निघालो आसतो तर वाचली आसती. म्या आयकलं."

सहा वर्षांच्या पोरीनं हे ऐकलं होतं आणि तोंड मिटून घेतलं होतं. कारण तोंड उघडलं तर खेकड्यांचं बाहेर पडेल. दीड वर्ष ती ते दातांखाली धरून होती.

मी काय म्हणाले असेन? "असं काही नसतं गं," म्हणाले. फडकं फिरवत राहिले. तिनं विचारलं, "आबास्नी सांगशीला?" मी म्हटलं, "कुणालाच सांगणार नाही. आबांना पण नाही."

आता तुम्ही म्हणाल, वचन दिलं होतं तर पाळलं, यात चूक काय? हेच मीही स्वतःला खूप वर्षं सांगितलं. पण खरं सांगू? वचनाचा काही संबंध नव्हता. त्या बापाला निदान एवढं तर सांगता आलं असतं — मारुती, पोरगी बोलते, आवाज शाबूत आहे, धीर धरा. खेकड्यांचं न सांगताही एवढं सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. चार महिने सांगितलं नाही. तो शाळेसमोरून खांद्यावर नांगर टाकून जायचा, मला "राम राम बाई" म्हणायचा, आणि त्याला जे जगात सगळ्यात जास्त हवं होतं ते माझ्याकडे होतं. दडवून ठेवलेलं. मला ते आवडत होतं. कुणाशीच बोलत नाही, फक्त माझ्याशी बोलते — ह्या 'फक्त'ची गोडी लागली होती मला. सांगितलं की ती सगळ्यांची झाली असती.

पण बापाला न सांगितलेलं मी परक्यांना सांगितलं.

त्या हिवाळ्यात भोरला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. वर्गातल्या वेगळ्या मुलांना कसं सांभाळायचं, यावर. शिकवायला आलेल्या बाई समजुतीच्या होत्या. त्या म्हणाल्या, जे मूल बोलत नाही त्याला बोलायला लावू नका, त्याच्याजवळ राहा. मी ते वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, कुणाला काही अनुभव? आणि मी उभी राहिले. चाळीस शिक्षकांसमोर मी वनिताचं सांगितलं. खेकड्यांचं नाही, पण फळ्याचं सगळं. टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आमचे साहेब — तालुक्याच्या शिक्षण खात्यातले — मागं बसले होते. ते म्हणाले, "वा बाई. आम्ही येतो तुमच्या शाळेत. बाकीच्यांनाही बघू दे."

मी नको म्हणू शकले असते. ती अजून माझ्याशीसुद्धा पाठमोरी बोलते, लोकांसमोर नाही बोलणार, असं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "या ना सर."

आदल्या शनिवारी मी वनिताला सांगितलं, पाहुणे येणार आहेत, तू फक्त तुझं नाव सांगायचं. बाकी काही नाही. ती बराच वेळ फडकं पिळत राहिली. मग विचारलं, "तोंड कुठं करायचं?" मी म्हटलं, "माझ्याकडे पाठ कर, नाहीतर फळ्याकडे बघ. तुला हवं तिकडं." ती हूं म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, हे मी तेव्हाही ओळखलं होतं.

साहेब आले. जीप खाली रस्त्यावर लावून सहा-सात जण चालत वर आले, घामाघूम. दारात रांगोळी काढली होती, गुरुजींनी चहा सांगितला होता. वनिताच्या अंगात धुतलेला गणवेश होता, केसांना तेल चोपडलेलं. मारुती रानात होता. त्याला आम्ही बोलावलंच नव्हतं.

मी तिला उभं केलं. ती फळ्याकडे वळली. साहेब हसून म्हणाले, "अगं बाळ, इकडे तोंड कर की, भिंतीला काय सांगतेस?" सगळे हसले. आणि मी — मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला वळवलं. लोकांकडे. "सांग," म्हटलं. "वनिता, नाव सांग." ती उभी. "सांग ना. शनिवारी बोलतेस ना माझ्याशी?" तिची हनुवटी धरून वर केली. मी वाकले, तिच्या कानाशी काहीतरी बोलले. मग तिच्या पायाशी फरशी ओली झाली. मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

गुरुजींनी दुसरीकडे बघितलं. साहेबांनी मला विचारलं, रागावून नाही, अगदी मऊपणानं, "बाई, ही बोलते म्हणाला होतात ना?"

त्या वेळी मी काय उत्तर द्यायला हवं होतं हे कुणालाही कळेल. मी म्हणाले, "मला तसं वाटलं होतं, सर. ओठ हलवायची कधीकधी. पण नाही — ती मुकीच आहे."

वनिता तिथंच उभी होती. ओल्या फरशीवर. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत तिनं माझ्या डोळ्यांत असं सरळ कधी बघितलं नव्हतं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. तिला फक्त कळलं होतं.

साहेब म्हणाले, "होतं असं. उत्साहात होतं." त्यांच्याकडे यादी होती. अंध, मूकबधिर, मतिमंद, अपंग असे रकाने आखलेले. वनितासाठी रकानाच नव्हता. त्यांनी मूकबधिरच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं आणि चहा प्यायले.

पुढच्या शनिवारी ती थांबली नाही. त्याच्या पुढच्याही. शाळेत यायची, बसायची, जायची. फळा मी एकटी फासायचे. कितीदा तरी पाठ करून उभी राहिले, बराच वेळ, उगाचच. मागं कुणी नसायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मारुती माझ्या खोलीवर आला. हातात फॉर्म. त्या यादीवरून वनिताला पुण्याच्या बाजूच्या एका मूकबधिर मुलांच्या शाळेत जागा मिळणार होती. राहणं, जेवण, कपडे सगळं तिथंच. वर्गशिक्षिकेचा दाखला जोडायचा होता. तो उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. फॉर्म माझ्याकडे दिला नाही, गुडघ्यावर धरून राहिला.

"बाई," तो म्हणाला, "लिवायच्या आदी येक इचारतो. पोरगी तुमच्यापाशी लई बसायची. कदी येखांदा शबुद? चुकून?"

मी म्हटलं, "नाही."

"न्हाई, मला आपलं वाटायचं. शनवारी घरी यायची तवा तोंड जरा येगळं दिसायचं. हलकं. म्हणलं, बाईंशी बोलत आसंल."

"नाही हो. बसायची नुसती."

"मग लिवा," तो म्हणाला आणि फॉर्म पुढं केला.

मी लिहिलं. 'सदर विद्यार्थिनी शाळेत दाखल झाल्यापासून एकदाही बोललेली नाही.' अक्षर माझं चांगलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो ओळीवरून बोट फिरवून बघत राहिला. मग त्यानं कागदाला हात जोडले. मला नाही — कागदाला.

आता ते तिच्या कानाशी बोललेलं. मघाशी मी "काहीतरी बोलले" असं लिहून पुढं गेले. तुमच्या लक्षात आलं असेल, नसेलही. एवढी वर्षं मी स्वतःला जेव्हा ही गोष्ट सांगते, तेव्हाही तिथं अशीच घाईनं पुढं जाते. खोटं बोलले, हे कबूल करणं त्या मानानं सोपं आहे. घाबरून माणूस खोटं बोलतो. पण साहेब बघत होते, पोरगी बोलत नव्हती, माझी लाज जात होती, आणि मी वाकून तिच्या कानात म्हणाले —

"बोल. नाहीतर आबांना खेकड्यांचं सांगेन."

तेवढ्यानंच तिचे पाय ओले झाले. लोकांना भिऊन नाही. माझ्यामुळं.

हे लिहून झालं. आता थांबता आलं असतं, पण अजून थोडं आहे.

पावसाळ्यात त्या शाळेकडून पत्र आलं. माझ्या नावानं. लिहिलं होतं, मुलीचे कान तपासले, तिला उत्तम ऐकू येतं. ती मूकबधिर नसावी. घरी वा शाळेत ती कधी कुणाशी बोलली आहे का, तिच्या बाबतीत काही विशेष प्रसंग घडला आहे का, हे कृपया सविस्तर कळवावे, म्हणजे तिला मदत करता येईल. मी ते पत्र शाळेत एकटी असताना वाचलं. साहेब नव्हते, गुरुजी नव्हते, कुणीही बघत नव्हतं. घाबरण्यासारखं काय होतं? एक पान लिहायचं होतं. कुणी मला नोकरीवरून काढणार नव्हतं. फार तर तो दाखला खोटा ठरला असता आणि थोडी बोलणी बसली असती.

आठ दिवस पत्र पिशवीत घेऊन फिरले. मग उत्तर लिहिलं — आईच्या निधनानंतर मुलगी अबोल झाली असे समजते, याहून अधिक माहिती नाही. आणि खाली सही केली.

जूनमध्येच माझी बदलीची ऑर्डर निघाली होती, ती दिवाळीनंतर लागू झाली. शिवऱ्याच्या बाजूला, हायवेजवळच्या शाळेत. चालणं नाही, डोंगर नाही, दारात गाडी. तिथं मी पुष्कळ चांगलं काम केलं. खरंच केलं. जी मुलं मागं पडायची त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर थांबायचे, कुणाला ढ म्हणू द्यायचे नाही, मारू द्यायचे नाही. लोक म्हणायचे, बाई वेगळ्याच. पण कुठलंही मूल मला गुपित सांगायला आलं की मी त्याला थांबवायचे. मी म्हणायचे, जा, तुझ्या आईला सांग. मला नको.

मधे तेरा-चौदा वर्षं गेली. मोबाईल आले. एकदा भोरच्या एसटी स्टँडवर मी गाडीची वाट बघत होते आणि कुणीतरी "राम राम बाई" म्हणालं. मारुती. केस पिकलेले, बाकी तसाच. मला वाटलं, याला कळलं. पण तो खुशीत होता. त्यानं मला चहा घ्यायला लावला. तोच सांगत होता, मी ऐकत होते.

वनिता त्या शाळेत पाच वर्षं राहिली. हातांची भाषा शिकली, शिवण शिकली. तिथं एक स्वयंपाकीण बाई होत्या, त्यांच्याशी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अचानक बोलायला लागली. पोळ्या लाटताना, त्यांच्या पाठीमागं उभी राहून. मग हळूहळू बाकीच्यांशी. आता तिचं लग्न झालं होतं, पोरगा झाला होता, घरी शिलाई मशीन होतं.

"मग बोलते आता," मी म्हणाले. माझा श्वास मोकळा झाला होता.

"बोलती की. नवऱ्याशी बोलती, पोराला गाणी म्हणती. आजूबाजूच्या बायांशी तर भांडती सुदिक." तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "माझ्याशी न्हाई. म्या गेलो की चहा करती, जेवू घालती, पाया पडती. पर तोंड उघडत न्हाई. पदर फुडं घेती आन मान खाली."

मी माझ्या कपात फुंकर घालत राहिले.

"मला कारान ठावं हाये, बाई," तो म्हणाला. "कुनाला सांगितलं न्हाई आजवर. तुमी तिच्या बाई, म्हणून सांगतो. त्या दिशी ती मला बोलवाया आली, खाचरापाशी. वाडीतली धा मान्सं माझ्या लावणीला आली व्हती. त्यास्नी मधीच सोडून कसं निघायचं? म्या म्हणलं, एवढं खाचर उरकतो आन येतो. ती बांधावर हुबी. रडत व्हती, आबा चला, आबा चला. म्या तिच्यावर वराडलो. पाऊन घंटा तरी गेला आसंल, बाई. मान्सं नंतर म्हणली, घटकाभर आदी निघालो आसतो तर. ती मान्सं मलाच म्हणली, माझ्या तोंडावर. खरंच व्हतं ते." कप खाली ठेवून तो म्हणाला, "पोरीनं समदं बघितलं व्हतं. तिनं मला माफ केलं न्हाई. करू बी नये."

समजलं ना तुम्हाला? मला त्या बाकड्यावर, कप हातात असताना, समजलं. ओढ्यावर ती थांबली असेल थोडा वेळ — दोन खेकडे धरायला किती वेळ लागतो? बापानं पाऊण तास घालवला होता. मुलीला वाटत होतं, आई माझ्यामुळं गेली. बापाला वाटत होतं, माझ्यामुळं गेली, आणि पोरगी त्याचीच शिक्षा देतेय. दोघं एकमेकांसमोर मान खाली घालून बसत होते. आणि दोघांचंही जिला माहीत होतं अशी जगात एकच बाई होती. पहिल्याच वर्षी मी मारुतीला एक वाक्य सांगितलं असतं, तर त्यानं त्याच संध्याकाळी पोरीला जवळ घेऊन सांगितलं असतं — खुळी का काय तू, उशीर म्या केला. मी ते सांगितलं तर नाहीच, वर तेच तिच्या कानात धमकी म्हणून वापरलं. ती अजूनही बापासमोर मान वर करत नव्हती, कारण तिला वाटत असणार, बाईंनी सांगितलं.

अजूनही उशीर झालेला नव्हता. तो समोर होता. जिवंत. मी तोंड उघडलं होतं — अगदी शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तुम्ही उंबऱ्यावर बसून विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले, ते खोटं होतं, हे सांगावं लागलं असतं. त्यानं त्या कागदाला जोडलेले हात मला दिसले.

मी म्हणाले, "मुलांचं असं असतं, मारुती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"तुमी म्हणता तर," तो म्हणाला. त्यानं चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत. माझी गाडी लागली होती. त्यानं माझी पिशवी उचलून खिडकीतून जागेवर टाकली, जागा धरून दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला.

त्यानंतर तीन वर्षांनी तो गेला. मला वाडीतल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर कळवलं. म्हणाला, वनिता आली होती, ओट्यावर बसून होती, बायका रडत होत्या पण ती गप्प होती. शेवटपर्यंत बापाशी एक शब्द बोलली नाही, असं लोक तिला नावं ठेवत होते. मी दहाव्याला गेले नाही.

वनिताचं सासर मला ठाऊक आहे. मारुतीनंच सांगितलं होतं, त्या दिवशी स्टँडवर. माझ्या घरापासून एसटीनं पाऊण तास. गाडी दर तासाला आहे. तिला सांगायचं एवढंच आहे की आबांनी मला काय सांगितलं, आणि मी त्यांना काय सांगितलं नाही. मी अजून गेलेले नाही.